सिंहाचं गाणं आणि दहा शिलिंगांचा कागद

१९३९ साली योहान्सबर्गमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं एक झुलू गाणं आहे, 'म्बूबे'. म्बूबे म्हणजे सिंह. आज ते इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं, आणि हा लेख वाचण्याआधी ते एकदा ऐकावं अशी माझी विनंती आहे. पावणेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं. खर्जातले आवाज पहिल्यापासून एकच बोल धरून बसतात, 'उयिंबूबे, उयिंबूबे', म्हणजे 'तू सिंह आहेस'. त्यांच्या वर एका पुरुषाचा आवाज फिरतो, इतका उंच की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाईचा वाटावा. हा आवाज शब्द फारसे म्हणतच नाही. तो ओरडतो, हेल काढतो, खाली येतो, पुन्हा वर जातो. आणि गाणं संपायला थोडाच अवधी उरला असताना त्या आवाजाला अचानक एक चाल सुचते. पाच-सात सेकंदांची, अगदी साधी. ऐकणारा तिथे दचकतो, कारण ही चाल त्याला लहानपणापासून पाठ असते. 'द लायन स्लीप्स टुनाइट', 'आज रात्री सिंह झोपला आहे' असं सांगणारं जे इंग्रजी गाणं जगभर वाजलं, त्याच्या मुख्य ओळी याच चालीवर बांधलेल्या आहेत.

तो आवाज सॉलोमन लिंडा यांचा. स्टुडिओत त्या दिवशी गाणं तीनदा मुद्रित झालं आणि ही चाल तिसऱ्या खेपेला आली. तालमीत ती नव्हती, कुठे लिहिलेली नव्हती. गाता गाता सुचली.

त्या चालीने पुढे साठ वर्षांत किती पैसा मिळवला याचा अंदाज २००० साली पत्रकार रियान मलान यांनी 'रोलिंग स्टोन' नियतकालिकातल्या एका दीर्घ लेखात मांडला होता: सुमारे दीड कोटी डॉलर. लिंडा १९६२ साली वारले तेव्हा त्यांच्या बँक खात्यात २५ डॉलरही नव्हते. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसवायला कुटुंबाला अठरा वर्षं लागली.

आफ्रिकेतल्या संगीत व्यवसायाबद्दल बोलणं निघालं की हे उदाहरण हटकून येतं आणि बहुतेक वेळा 'गोऱ्यांनी काळ्यांना लुटलं' एवढ्यावर संपतं. लूट झालीच, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती नेमकी कोणत्या वाटेने झाली आणि शेवटी काही अंशी परत कशी आली, हे पायरी-पायरीने पाहिलं तर जास्त हाती लागतं. माझं मत असं बनलं आहे की या प्रकरणात यंत्राने घात केला नाही आणि कायद्यानेही नाही. घात केला तो 'असलं गाणं कुणा एकाचं नसतं' या समजुतीने. ती समजूत विकत घेणाऱ्यांना सोयीची होती आणि गाणाऱ्यांना स्वाभाविक वाटत होती. दोन्हीकडून ती जुळली तेव्हा कागदावर सही व्हायला वेळ लागला नाही.

गडी, वसतिगृहं आणि रात्रीच्या चढाओढी

लिंडा १९०९ साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या म्सिंगा भागात, पोमरॉय गावाजवळ जन्मले. बालपण गुरांमागे गेलं. १९३१च्या सुमाराला ते पोटासाठी योहान्सबर्गला आले. तेव्हाचं योहान्सबर्ग म्हणजे सोन्याच्या खाणी, कारखाने आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे हजारो गावाकडचे पुरुष. बायकामुलं गावी, गडी वसतिगृहात. शनिवारी रात्री या वसतिगृहांत गायनाच्या चढाओढी चालत, त्या पहाट होईपर्यंत. ज्यांच्या घरात गिरणगावातल्या गाळ्यांच्या आठवणी आहेत, एका खोलीत झोपणारे कोकणातले वीस गडी आणि त्यांचं भजनी मंडळ ज्यांनी ऐकून-पाहून माहीत आहे, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

लिंडा यांच्या मंडळाचं नाव 'इव्हनिंग बर्ड्स'. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, चकचकीत बूट, डोक्यावर टोप्या. खर्जाच्या बाजूला एकाहून जास्त गायक उभे करायचे आणि वर एकच उंच आवाज सोडायचा, ही मांडणी लिंडा यांनी अशी काही बसवली की पुढे या गायनप्रकारालाच काही काळ 'म्बूबे' म्हणू लागले. आज त्याला 'इसिकातामिया' म्हणतात. लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो हे जगप्रसिद्ध मंडळ याच परंपरेतलं.

या दुनियेत गाण्याची मालकी ही कल्पनाच वेगळी होती. शनिवारी एका मंडळाने नवी युक्ती काढली की पुढच्या शनिवारी दुसरं मंडळ ती उचलून तिच्यावर आपली भर घालणार. त्यात चोरी नव्हती. असंच गाणं वाढत जाई. मान मिळे तो मंडळाला आणि मंडळाच्या म्होरक्याला. बक्षीस जिंकलं, नाव झालं, लोकांनी रस्त्यात ओळखलं, म्हणजे गाण्याचं मोल मिळालं. गाण्यावर कागद होतो, त्या कागदाची किंमत गाणाऱ्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं टिकते आणि तो कागद खंड ओलांडून जाऊ शकतो, हे वसतिगृहात कुणी शिकवत नव्हतं. त्यांना ते माहीत नव्हतं म्हणून त्यांना अडाणी ठरवणं मला मुळीच मान्य नाही. ते आपल्या व्यवहारात तरबेज होते, फक्त त्यांच्या गाण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या व्यवहाराचे नियम लागू झाले होते.

यंत्र आलं, कागद आला

एरिक गॅलो यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी योहान्सबर्गमध्ये स्टुडिओ उभारला. सहाराच्या दक्षिणेकडचा तो पहिला कायमस्वरूपी स्टुडिओ मानला जातो. ग्रामोफोन विकायचे तर त्यावर वाजवायला लोकांच्या भाषेतलं गाणं हवं, हा त्यांचा साधा हिशेब होता. गॅलो यांच्याकडे प्रतिभा हेरण्याचं काम ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ हे कृष्णवर्णीय कलावंत करत, आणि त्यांच्याच देखरेखीखाली 'म्बूबे' मुद्रित झालं. त्या काळातल्या तबकड्या लाखेच्या असत आणि जगाला लागणारी बरीचशी लाख आपल्या छोटा नागपूरकडच्या जंगलांतून जाई. लिंडांचा आवाज ज्यावर कोरला गेला त्यात आपल्याकडचा अंश असण्याचा बराच संभव आहे. हे मला का कोण जाणे, पण फार जवळचं वाटतं.

तबकडी तुफान चालली. दहाएक वर्षांत जवळजवळ एक लाख प्रती गेल्या असं सांगतात. कृष्णवर्णीय कामगारांच्या तुटपुंज्या पगारावर उभ्या असलेल्या बाजारात हा आकडा थक्क करणारा आहे.

लिंडा तेव्हा गॅलो कंपनीतच नोकरीला होते. तबकड्या खोक्यांत भरण्याचं काम. स्वतःचा आवाज कोरलेल्या तबकड्याही त्यांच्या हातांखालून गेल्या असतील. त्यांना रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नव्हती. त्या काळात कृष्णवर्णीय गायकांना एकरकमी पैसे देऊन मोकळं होण्याची रीत होती. 'म्बूबे'चे सगळे हक्क त्यांनी गॅलो कंपनीला लिहून दिले त्याचा मोबदला दहा शिलिंग होता. अर्धा पौंड.

इथे एक बाब नीट पाहायला हवी. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर 'सॉलोमन लिंडाज ओरिजिनल इव्हनिंग बर्ड्स' असं छापलेलं होतं. म्हणजे यंत्राने नाव पुसलं नाही. उलट वसतिगृहात जे गाणं शनिवारागणिक बदलत राहिलं असतं, ते यंत्राने एका रूपात पक्कं केलं आणि त्यावर एका माणसाचं नाव छापलं. पुढे दाव्यात ही चाल लिंडांचीच होती हे मांडता आलं ते या तबकडीमुळे.

'पारंपरिक' हा शब्द

१९५०च्या आसपास गॅलो कंपनीच्या काही तबकड्या न्यूयॉर्कला एका रेकॉर्ड कंपनीत पोचल्या. तिथे त्यात कुणाला रस नव्हता. लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्या वाचवल्या आणि गायक पीट सीगर यांच्या हाती दिल्या. सीगर यांना 'म्बूबे'ने वेड लावलं. त्यांनी कानांनी ऐकून ते उतरवून काढलं आणि 'उयिंबूबे' त्यांना ऐकू आलं 'विमोवे'. त्यांच्या 'द वीव्हर्स' या चमूने याच नावाने ते मुद्रित केलं, १९५२ साली ते अमेरिकेत गाजलं.

त्या गाण्यावर रचनाकार म्हणून नाव आलं पॉल कॅम्पबेल. असा कुणी माणूस नव्हताच. ज्या गाण्यांना धनी नाही अशी लोकगीतं थोडी फेरफार करून आपल्या नावे नोंदवायला वीव्हर्सच्या मंडळींनी वापरलेलं ते टोपणनाव होतं. 'म्बूबे'ला आफ्रिकेतलं पारंपरिक गाणं समजून प्रकाशकाने ते त्याच खात्यात टाकलं. तबकडीवर छापलेलं नाव समोर असताना!

सीगर यांच्याबद्दल न्यायाने लिहायला हवं. मूळ गायकाचं नाव कळल्यावर आपण त्यांना पैसे पाठवायला सांगितलं होतं आणि स्वतः एक हजार डॉलरचा धनादेश पाठवला होता, असं त्यांनी पुढे सांगितलं. वेळीच नीट करार करून घेतला नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. गोष्ट दुष्ट माणसाची असती तर सोपी झाली असती. सीगर आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले गायक. पण त्यांच्याही मनात आफ्रिकेतून आलेलं गाणं म्हणजे जनतेचं गाणं, नदीसारखं सगळ्यांचं, हे पक्कं बसलेलं होतं. न्यूयॉर्कच्या गीतकाराने लिहिलेल्या गाण्याबाबत असा विचार त्यांच्याच काय, कुणाच्याही मनात आला नसता. तिथे पहिला प्रश्न असतो, प्रकाशक कोण?

गॅलो कंपनीनेही झगडा केला नाही. अमेरिकेतले हक्क तिने सोडले आणि बदल्यात दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया अशा प्रदेशांतला 'विमोवे'चा कारभार पाहण्याचे हक्क पदरात घेतले. मोठी बाजारपेठ देऊन लहान घेतली. या सौद्यात लिंडा यांना विचारण्याचं कारणच नव्हतं, त्यांचा कागद दहा शिलिंगांना संपला होता.

१९६१ साली जॉर्ज वाइस, ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोरे या तिघांनी 'विमोवे'ला नवे इंग्रजी शब्द दिले. शेवटच्या क्षणी लिंडांना सुचलेली ती छोटी चाल त्यांनी उचलून मुखड्यावर आणली. 'द टोकन्स' या तरुण मुलांच्या चमूने गायलेलं हे गाणं त्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. रचनाकार म्हणून त्या तिघांची नावं. जुन्या आणि नव्या गाण्याच्या प्रकाशकांनी आपसात मिटवून टाकलं. दक्षिण आफ्रिकेत गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी सॅम्रो ही संस्था उभी राहिली तीही १९६१ सालीच.

गाणं पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर दहा महिन्यांनी, १९६२च्या ऑक्टोबरात, मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा वारले. वय ५३.

सह्या होत राहिल्या

मागे पत्नी रेजिना आणि मुलं. सोवेटोतलं घर, फरशीऐवजी शेणाने सारवलेली जमीन. घरातलं एक मूल तर कुपोषणाने दगावलं.

पुढच्या तीस वर्षांत या कुटुंबाने गाण्याबाबत कागदांवर सह्या केल्या, आधी रेजिना यांनी, नंतर त्यांच्या मुलींनी. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात स्वामित्वहक्काची पहिली २८ वर्षं संपली की नूतनीकरण होई आणि त्यासाठी रचनाकाराच्या वारसांची सही मोलाची ठरत असे. तिथल्या प्रकाशकांना हे पाठ होतं. सोवेटोतल्या विधवेला ते कळणार कसं? थोडेथोडे पैसे येत राहिले. ते कशाचे, कुठून, कोणत्या हिशेबाने, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. १९९०च्या सुमाराला तर न्यूयॉर्कमध्ये दोन अमेरिकी पक्ष 'सिंह झोपला आहे' या गाण्याच्या मालकीवरून एकमेकांशी भांडत होते. लवाद बसला, प्रकरण अपिलापर्यंत गेलं. लिंडांचं कुटुंब त्या भांडणात पक्षकार नव्हतं.

१९९४ साली डिस्नेचा 'द लायन किंग' आला. त्यात दोन पात्रं हे गाणं गुणगुणतात. मग त्याचं रंगमंचीय रूप आलं आणि गाणं पुन्हा जगभर पोचलं.

१९११ची एक ओळ

मलान यांचा लेख २००० साली आला. तो वाचून दक्षिण आफ्रिकेत जी खळबळ माजली तिच्यातून प्रकरण ओवेन डीन या वकिलांकडे गेलं. डीन हे स्वामित्वहक्काच्या कायद्याचे जाणकार, आणि एका विसरलेल्या तरतुदीचा त्यांचा खास अभ्यास होता. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरवर पाहता कुटुंबाची बाजू संपलेली होती. लिंडांनी हक्क लिहून दिले, पत्नीने दिले, मुलींनी दिले. तीन पिढ्यांचे नाही, पण तीन थरांचे कागद. फसवणूक झाली असं म्हणायचं तर इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणायचा? डीन यांनी फसवणुकीचा मुद्दा बाजूलाच ठेवला. त्यांनी सगळे कागद खरे धरले आणि विचारलं, या कागदांची मुदत किती?

ब्रिटिश साम्राज्यात १९११ साली एक स्वामित्वहक्क कायदा झाला. तो दक्षिण आफ्रिकेने १९१६ साली स्वीकारला. त्यात एक तरतूद होती: लेखकाने वा संगीतकाराने हयातीत आपला हक्क कुणाला लिहून दिला असेल, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो करार आपोआप संपेल आणि हक्क त्याच्या मालमत्तेत परत येईल. इतकंच नाही, हा परतीचा हक्कही लेखकाने हयातीत विकून टाकला असेल तर ती विक्री रद्द समजली जाईल. चार्ल्स डिकन्स यांच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. कलावंत पैशाच्या नडीपायी उद्याचं आज विकून टाकतो आणि मागे बायकापोरं उघड्यावर पडतात, हे कायदा करणाऱ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी कलावंताला त्याच्या स्वतःच्या सहीपासून वाचवलं.

दक्षिण आफ्रिकेने १९६५ साली नवा कायदा केला तेव्हा ही तरतूद गेली, पण आधीच्या करारांना ती लागू राहिली. लिंडा १९६२ साली गेले, त्यात २५ मिळवले की १९८७. म्हणजे १९८७ साली दहा शिलिंगांचा कागद आपोआप निकाली निघाला होता. कुणाला पत्ता नव्हता एवढंच.

मग मुलींनी नंतर केलेल्या सह्यांचं काय? इथे कायद्याचे शब्द कामी आले. हक्क परत येतो तो थेट वारसांकडे येत नाही. तो मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कायदेशीर प्रतिनिधीकडे, म्हणजे एक्झिक्युटरकडे येतो. त्या काळात असा प्रतिनिधी नेमलेलाच नव्हता. म्हणून मुलींनी जे लिहून दिलं, ते देण्याचा अधिकारच त्यांच्या हाती नव्हता, ही डीन यांची मांडणी. अडाणीपणाने केलेली सही कायद्याच्या काटेकोरपणाने निष्प्रभ ठरवली. आता लिंडांच्या मालमत्तेवर एक्झिक्युटर नेमला गेला आणि तो वादी झाला.

उरला प्रश्न, डिस्नेला प्रिटोरियाच्या कोर्टात आणायचं कसं? कंपनी परदेशी. दक्षिण आफ्रिकेतल्या रोमन-डच परंपरेच्या कायद्यात एक सोय आहे. परदेशी प्रतिवादीची देशातली मालमत्ता जप्त केली की त्याच्यावर तिथे दावा चालू शकतो. डिस्नेची देशात इमारत नसेल, पण नोंदवलेली व्यापारचिन्हं होती, दोनशे चाळीसहून जास्त. मिकी माऊस त्यातच. २००४ साली कोर्टाच्या हुकमाने ती सगळी जप्तीखाली आली. डिस्नेने जप्ती उठवायचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. एका हमालाच्या, खोकी भरणाऱ्या कामगाराच्या मालमत्तेच्या वतीने मिकी माऊसवर टाच! दावा सुमारे १६ लाख डॉलरचा होता. देशाच्या कला व संस्कृती खात्याने खटल्याच्या खर्चाला हातभार लावला.

डिस्नेचं म्हणणं असं की गाण्याचा परवाना आम्ही वाइस यांच्या अ‍ॅबिलीन म्युझिक या कंपनीकडून रीतसर घेतला होता. ते खोटं नव्हतं. पण ज्या हक्काचा परवाना दिला तो ब्रिटिश साम्राज्याच्या जुन्या प्रदेशांत देणाऱ्याकडे उरला होता का, हा प्रश्न होता. सुनावणी २००६च्या फेब्रुवारीत ठरली होती. तिच्या तोंडावर अ‍ॅबिलीनने तडजोड केली. मागच्या वापराचा मोबदला आणि पुढची रॉयल्टी कुटुंबाला द्यायची, इंग्रजी गाणं 'म्बूबे'वरून निघालं आहे हे मान्य करायचं, सॉलोमन लिंडा यांचं नाव सहरचनाकार म्हणून लावायचं, आणि पैसे सांभाळायला एक ट्रस्ट करायचा. रक्कम जाहीर झाली नाही.

तडजोड झाल्यामुळे कोर्टाचा निकाल मात्र आला नाही. डीन यांचा मुद्दा न्यायाधीशांच्या लेखणीने शिक्कामोर्तब होऊन इतरांना आधार म्हणून मिळाला असता, तो राहिला. कुटुंबाने त्यासाठी वाट पाहायला हवी होती असं कुणी म्हणू नये. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी पाहिलेलीच होती. पुढे ट्रस्टच्या कारभाराविषयी मुलींनी जाहीर प्रश्न विचारले. पैसा आला तरी तो दुसऱ्या कुणीतरी मोजायचा, कागद दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, हे दुखणं पैशाबरोबर गेलं नाही.

आजच्या स्टुडिओत

आता स्टुडिओ लॅपटॉपमध्ये मावतो. सोवेटोतला मुलगा रात्री गाणं करून सकाळी जगापुढे ठेवू शकतो. गॅलोसारख्या एकाच दरवाजातून जाण्याची सक्ती नाही. यामुळे मूळ प्रश्न सुटला असं मात्र मला दिसत नाही, तो फक्त एका फॉर्मच्या रकान्यात जाऊन बसला. गाणं चढवताना चाल कुणाची, शब्द कुणाचे, वाटा किती टक्के, हे भरायचं असतं. ते अर्धवट भरलं की गाणं वाजतं आणि पैसा मधेच अडकतो. किती अडकतो? २०२१ साली अमेरिकेत अशा ज्यांचे धनी जुळत नव्हते त्या गाण्यांचे साठलेले ४२ कोटी ४० लाख डॉलर स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिथल्या नव्या वसुली संस्थेकडे सुपूर्द केले. एकट्या एका देशात, एका प्रकारच्या हक्काचे.

दक्षिण आफ्रिकेचंच ताजं उदाहरण 'जेरुसलेमा'. मास्टर केजी यांची रचना, आवाज नोमसेबो झिकोडे यांचा. कोविडच्या दिवसांत अंगोलातल्या नर्तकांच्या एका व्हिडिओने ते पेटलं, जगभर परिचारिकांपासून पोलिसांपर्यंत सगळे त्यावर नाचले. जर्मनीत तर अशा नाचाचे व्हिडिओ केलेल्या संस्थांना रेकॉर्ड कंपनीने परवान्याचं शुल्क मागितलं. म्हणजे वसुलीची यंत्रणा किती चोख! आणि २०२१च्या जुलैत झिकोडे यांनी जाहीरपणे सांगितलं की या गाण्याचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत. त्यांच्या कंपनीचं म्हणणं वेगळं होतं, बोलणी चालू आहेत असं ती सांगत होती. खरं-खोटं मी ठरवणार नाही. पण जग नाचून झाल्यावर वाटा ठरवायला बसायचं, हा क्रम १९३९चाच आहे. मंडळी मैत्रीत असताना, गाणं अजून कुणाचंच नसताना टक्केवारी लिहायला सगळ्यांना संकोच वाटतो. पैशाचं बोलणं म्हणजे अविश्वास, हा संस्कार आपल्याकडेही काही कमी नाही.

आपल्याकडचा धागा कायद्यातही आहे. १९११चा तोच कायदा १९१४ साली काही फेरफारांनी हिंदुस्थानात लागू झाला आणि १९५७ पर्यंत आपल्या गायक-कवींचे करार त्याच्याच छत्राखाली होत होते. पुढे कितीतरी चित्रपटगीतकारांनी एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून दिलं. २०१२ साली आपल्या संसदेने दुरुस्ती केली: चित्रपटातल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला वाटा वारसांखेरीज वा वसुली संस्थेखेरीज कुणालाही लिहून देऊ शकत नाही. दिला तरी तो करार चालत नाही. हक्क विकता येतो, रॉयल्टीतला वाटा विकता येत नाही. कलावंताला त्याच्या सहीपासून वाचवण्याचा तोच जुना विचार.

पण ज्या गाण्याला रचनाकार म्हणून कुणाचं नावच नाही, त्याला ही दुरुस्ती काय देणार? जुन्या कॅसेटची वेष्टनं काढून पाहा. कोळीगीतं, ओव्या, गोंधळ, लावण्या. 'गीत: पारंपरिक, संगीत: पारंपरिक' आणि खाली संगीत संयोजकाचं ठळक नाव. त्यातली बरीच गाणी खरोखर परंपरेतून आलेली असतील. पण एखादी ओवी कुणा एका बाईने एका पहाटे जात्यावर बसून रचलेली असू शकते, तिची नात आजही त्याच गावात असू शकते, आणि विचारायला कुणी गेलेलंच नसतं. 'विमोवे'वर पॉल कॅम्पबेल हे नाव घालणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेत ही चर्चा अजून चालू आहे. न्यायमूर्ती इयन फार्लम यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २०११ साली संगीतकारांच्या हक्कांची तपासणी करून अहवाल दिला. त्यानंतर आलेल्या दुरुस्ती विधेयकात असं कलम घातलं गेलं की गाण्याचा हक्क कुणालाही लिहून दिला तरी तो करार जास्तीत जास्त २५ वर्षं चालेल. आता मृत्यूची वाट पाहायची नाही, सहीच्या तारखेपासून मोजायचं. संसदेने विधेयक २०१९ साली मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी २०२० साली घटनात्मक शंका काढून ते परत पाठवलं. २०२४च्या फेब्रुवारीत संसदेने पुन्हा मंजुरी दिली. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांनी ते सही न करता सांविधानिक न्यायालयाकडे धाडलं.